शेपटीवाली फुली

फुलीला शेपटी होती. पहिली रेघ सरळ, वरून खाली एका दमात ओढलेली. दुसरी मात्र डावीकडे खाली आल्यावर तिथंच थांबायचं सोडून जराशी वर उचललेली, चार बोटं, ब्रशातला लाल रंग संपेपर्यंत. संग्रहालयाच्या वरच्या मजल्यावर, आधुनिक कलेच्या दालनात, बीडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, एका शिल्पाच्या पाठीवर ती फुली होती आणि तिच्यासमोर शिवलीला उभी होती. हातात वही, वहीत नुसती तारीख. वर्गातली बाकीची पोरं-पोरी शिल्पाच्या पुढच्या बाजूला दाटीवाटीनं उभी राहून मॅडमचं ऐकत होती. पुढं जागा नव्हती म्हणून ही मागं आली होती, दुसरं काही कारण नव्हतं. आणि आता पुढं काय बोलणं चाललंय ते तिला ऐकू येईना. तिला हसू यायला लागलं होतं. आपल्या घरचं माणूस परगावच्या बाजारात अचानक समोर दिसलं की येतं तसलं हसू. कारण ही फुली तिच्या आप्पांची होती, आणि त्यात शंका घ्यायला जागाच नव्हती.

तिचे आप्पा म्हणजे रेवणसिद्ध. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत पंचवीस वर्षं ओतलेला माल तपासायच्या कामावर असलेले. भट्टीतलं लोखंड वाळूच्या साच्यात ओतायचं, थंड झालं की साचा फोडून, वाळू झाडून, घासून पुसून तो पीस आप्पांच्या पुढं यायचा. आप्पा त्याच्याभोवती एक फेरी मारायचे, छोट्या हातोडीनं दोन जागी ठोकायचे आणि कान द्यायचे. खणखणीत वाजला तर खडूची एक बारीक रेघ. बद्द वाजला, भोक दिसलं, चीर दिसली, की लाल रंगाची फुली. फुली पडलेला पीस गेटाबाहेर जायचा नाही, घणाखाली जायचा आणि तुकडे होऊन परत भट्टीत. ही तपासणी शिफ्ट सुटल्यावर थांबली असती तर घरच्यांना जरा सुख लागलं असतं. पण आप्पा माठ घेताना वाजवायचे, कलिंगड वाजवायचे, भाड्याचं घर बघायला गेले तर फरशी वाजवायचे, आणि देवळातल्या घंटेखाली उभं राहून ती कुठं पिचलीय ते गुरवाला सांगायचे. फुलीचंही तेच. मुदत संपलेल्या औषधाच्या बाटलीवर फुली, उडालेल्या बल्बच्या खोक्यावर फुली, सिलिंडर संपला त्या तारखेवर फुली. एकदा तर धाकट्या आत्याला सांगून आलेल्या एका स्थळाच्या फोटोमागं फुली मारली होती, आणि तो फोटो तसाच पाहुण्यांकडे परत गेला. घरात चार माणसं जमली की ती गोष्ट अजून निघते. त्या प्रत्येक फुलीला हीच शेपटी होती.

ती वळसा घालून पुढं आली आणि खालची पाटी वाचली. नाव ‘बसलेली’. शिल्पकार उदयसिंह. बीड आणि तेलरंग. २००६. कंबरेइतक्या उंचीचा काळपट गोळा होता तो, डोकं नसलेला, हात नसलेला. नीट बघितलं तर एक अंग मागं रेललेलं, खाली एक पाय लांब सोडल्यासारखा पुढं आलेला, आणि मधे मोठा गोल भार. खांद्याच्या जागेपासून त्या गोलावरून एक खोलगट रेघ तिरकी खाली उतरत गेली होती. वर्गातला राजवर्धन म्हणत होता की मागची फुली म्हणजे बाजारानं माणसाला दिलेला नकार आहे. अनुजाचं म्हणणं, ती रेघ म्हणजे बाईच्या अंगावरची जखम आणि फुली म्हणजे समाज. प्रियदर्शनी मॅडम सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेत होत्या. मग त्या म्हणाल्या की छान आहे, पण हे तुम्ही कुठंतरी वाचलेलं आहे, मला तुमचं स्वतःचं पाहिजे. या दालनातली कुठलीही एक वस्तू घ्या आणि दोन पानं लिहा. त्याआधी घरातल्या, कधी संग्रहालयाची पायरीही न चढलेल्या एका माणसाला इथं घेऊन या, त्या वस्तूपुढं उभं करा, काही समजावून सांगू नका, नुसतं त्याचं तोंड बघा. सोबत एक रेखाटन. सगळ्यांनी वह्यांत उतरून घेतलं. शिवलीलाला त्या तिरक्या रेघेचं नाव माहीत होतं. फौंड्रीत तिला कोल्डशट म्हणतात. साच्यात दोन बाजूंनी वितळलेलं लोखंड येतं, मधे गाठ पडते, पण येईस्तोवर दोन्ही जरा निवलेली असली तर ती एकमेकांना भेटतात आणि एकजीव होत नाहीत, मधे अशी रेघ राहते. दुसऱ्यांच्या पोरांना झाडांची नावं येतात तशी हिला लहानपणापासून लोखंडातल्या दोषांची नावं येत होती. तरी ती वर्गापुढं काही बोलली नाही.

का बोलली नाही, हे ती केएमटीच्या बसमध्ये खिडकीला टेकून स्वतःलाच विचारत राहिली. आप्पांची लाज वाटली म्हणावं तर तसं नव्हतं. आप्पा फौंड्रीत आहेत हे सगळ्या वर्गाला ठाऊक होतं, गणपतीच्या मूर्तीचा साचा कसा धरायचा ते तिनंच सगळ्यांना दाखवलं होतं. खरी गोष्ट अशी की त्या फुलीपुढं उभं राहायची तिला सवय होती. ती दहा वर्षांची असताना बेंदराच्या, बैलांच्या सणाच्या, आदल्या दिवशी तिनं एक बैल काढला होता, शिंगं रंगवलेला, पाठीवर झूल घातलेला, आणि कामावरून आलेल्या आप्पांपुढं कागद धरून म्हणाली होती की तपासा. आप्पांनी चहाचा कप बाजूला ठेवला. खेळ खेळावा तसा, पण अगदी मन लावून, कागद उजेडाला धरला, खालून वर बघितला, आणि तिच्याच हातातली पेन्सिल घेऊन कोपऱ्यात शेपटीवाली फुली मारली. वर म्हणाले, ह्यो बैल चालायचा न्हाई, म्होरचा पाय आखूड हाय. पाय आखूड होता हे खरंच होतं. पण ती जी रडायला लागली ती बेंदराची पुरणपोळीसुद्धा तिनं खाल्ली नाही. त्या दिवसानंतर आप्पांनी तिच्या चित्राला ना फुली मारली ना खडूची रेघ ओढली. कलामहाविद्यालयाचा फॉर्म त्यांनी स्वतः रांगेत उभं राहून आणला, कागदाची भेंडोळी मोटरसायकलवर बांधून तेच पोचवत आले, पण भिंतीला लावलेल्या चित्राजवळून जाताना ते हळूच पलीकडं बघायचे आणि हात धुवायला निघून जायचे. नऊ वर्षं झाली. अंगावर फुली पडलेली बरी, असं तिला कधी कधी वाटायचं, निदान बघितलं तरी म्हणता येईल. बस तावडे हॉटेलच्या चौकात बराच वेळ थांबली आणि तिनं मनाशी ठरवलं की आज विचारायचंच.

पहिल्या शिफ्टहून आलेले आप्पा चारच्या चहाला बसले होते. अंगावरची काळी पूड धुऊन काढलेली, कपाळाला पुन्हा विभूती लावलेली. अव्वा, तिची आई, चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशी, पण तिच्या तोंडी अजून चूलच. शिवलीलानं बॅग ठेवली आणि उभ्या उभ्याच विचारलं.

“आप्पा, तुम्ही दोन हजार सहा साली एका बसलेल्या बाईवर फुली मारलीती व्हय?”

“कुठली बाई?” अव्वाच आधी वळली.

आप्पांनी कप बशीत ठेवला. तो असा हळू ठेवला की बशी वाजलीसुद्धा नाही.

“हाय व्हय त्यो पीस अजून?” ते म्हणाले.

मग ती सांगत गेली आणि आप्पा खाली बघत ऐकत गेले. संग्रहालयात आहे, दोन वर्षांपूर्वी शिल्पकाराच्या घरच्यांनी देऊन टाकला, नवं दालन झालंय, तिथं ओट्यावर ठेवलाय, दिवा सोडलाय वरून. आप्पांना दिव्याचं काही सोयरसुतक नव्हतं. तो पीस गेटाबाहेर जायलाच नको होता, एवढं ते दोनदा म्हणाले, आणि मग तुटक तुटक सगळं बाहेर आलं. फौंड्रीत तेव्हा जुन्या मालकानं घालून दिलेली एक रीत होती. ज्यानं फुली मारली त्यानंच पहिला घाव घालायचा. दुसऱ्याच्या कामाला वाईट म्हणणाऱ्याच्या हाताला त्याचं वजन कळावं म्हणून. बाकीचं मग घणवाल्या गुंडूनं करायचं. पण त्या साली घरात शिवलीला पोटात होती, आणि आप्पांच्या आईनं, बसव्वा आज्जीनं, त्यांना गळ्यातल्या लिंगावर हात ठेवायला लावून सांगितलं होतं की बायको मोकळी होईस्तोवर नवऱ्यानं नारळ फोडायचा नाही, भोपळा चिरायचा नाही, हातानं काही म्हणून मोडायचं नाही. आता ज्याचं पोटच मोडण्यावर चाललेलं त्यानं काय करावं? आप्पांनी गुंडूला गळ घातली. फुली माझी, घाव पहिल्यापासून शेवटपर्यंत तुझा. सहा-सात महिने तसं चाललं. मग तो उदयसिंह साहेबांचा पीस आला, त्याला कोल्डशट निघाली, आप्पांनी नियमानं फुली मारली, आणि नेमका गुंडू त्या दिवशी बहिणीच्या लग्नाला गेलेला. पीस यार्डात तसाच उभा राहिला. तिसऱ्या दिवशी साहेब आले, त्याच्याभोवती फिरले, आणि मालकाला म्हणाले की दुसरा ओतू नका, मी हाच नेतो, आणि ही फुली पुसायची नाही. मालक खूश. टेम्पो आला, पीस गेला. आप्पांच्या उभ्या जन्मात फुली मारलेला एकच माल गेटाबाहेर पडला आणि तो हा. साहेबानं गरिबाची गंमत केली, असं त्यांनी मनाशी धरलं आणि कुणाला सांगितलं नाही.

अव्वा तोंडाला पदर लावून हसत होती. तिला त्या पिसाशी काही देणंघेणं नव्हतं, तिला तेव्हाचा नवरा आठवत होता.

“अगं, भोपळ्याचं काय घिऊन बसलीस, ह्यांनी शेंगसुदीक फोडली न्हाई,” ती म्हणाली. “‘माझ्या अव्वानं मोडू नगं म्हनलंय’ म्हनायचं. आणि शेंगा तर पायजेत रोज. मग मी येवढं प्वाट घिऊन उंबऱ्याला टेकून, एक पाय लांब सोडून बसायचो आणि ह्यास्नी शेंगा सोलून द्यायचो. ह्ये आपलं आत बसून खायाचं.”

शिवलीला हसली. आप्पा हसले नाहीत. फुली अजून आहे का, पुसली नाही का कुणी, रोज किती लोक येतात बघायला, असं त्यांनी एकामागून एक विचारलं. ती म्हणाली, सुट्टीच्या दिवशी शंभरेक येत असतील. आप्पा उठून हात धुवायला गेले आणि धुतलेले हात बराच वेळ परत धुवत राहिले.

पुढचे चार दिवस ती कॉलेजात बसली तरी मनानं त्या यार्डात जाऊन उभी राहायची. तिथं आपला तिशीतला बाप आहे, मिशा काळ्या, हाताशी घण आहे आणि उचलायची मुभा नाही. का, तर आपण. आपलं अजून नावही ठेवलेलं नाही, कुणी बघितलेलं नाही, आणि आपल्यासाठी एक माणूस जेवणानंतरच्या शेंगासुद्धा फोडायचा थांबला आहे. हे मनात आलं की ती लायब्ररीत उघडं पुस्तक तसंच टाकून उठायची. आणि लगेच मागून हेवा यायचा. चक्क त्या बीडाच्या गोळ्याचा. फुली त्याच्यावरही पडली होती आणि माझ्या बैलावरही, पण तो वाचला, दिव्याखाली बसला, आणि माझा बैल? बैल तिनं स्वतःच फाडून टाकला होता, हे तिला बऱ्याच वेळानं आठवलं. तिथं आप्पांनी घण उचललाच नव्हता. लिहायला बसली की दोन पानांतलं एक वाक्य व्हायचं, ते ती खोडायची. मॅडमनी सांगितलं होतं की आधी माणूस आणा. आप्पांना विचारलं तर ते म्हणाले, मी काय करू तिथं येऊन. अव्वा म्हणाली, जावा की, फुली मारायला बरं जमलं, बघायला काय हुतंय. त्यावर आप्पा खिशातला खडू काढून त्याचं टोक बघत राहिले आणि म्हणाले की बरं, येतो, तसं थोडं काम हाय माझं तिथं.

सुट्टीच्या दिवशी सकाळी ते निघाले. पांढरा शर्ट, त्याला इस्त्री, वरच्या खिशात चष्म्याचं घर आणि खडू. मोटरसायकलवर मागं बसल्यावर शिवलीलाला कसला तरी वास येत होता, उग्र, ओळखीचा, पण गांधीनगरच्या फाट्यापासून रस्ताभर ट्रकच होते, त्यामुळं तिनं तो वास ट्रकांच्या खाती टाकला. संग्रहालयाच्या वरच्या मजल्यावर दालनाच्या दारात आप्पांनी चपला काढल्या. खुर्चीवर बसलेला राखणदार म्हणाला, पावणं, चपला असू द्यात, देऊळ न्हाई ह्ये. आप्पांनी परत घातल्या, पण पाऊल टाकायचं ते अनवाणी असल्यासारखंच टाकत राहिले. भिंतीवर मोठमोठी चित्रं होती. एका सबंध निळ्या चित्रापुढं ते क्षणभर थांबले, जवळ जाऊन रंगाचा थर कडेनं बघितला, आणि पुढं निघाले. शिवलीला दोन पावलं मागं होती. माणसाचं तोंड बघा म्हणून सांगितलेलं, पण आप्पांची तिला पाठच दिसत होती, इस्त्रीच्या घडीसकट, आणि ती पाठ तिला इतकी आवडत होती की तिथंच थांबावं, पुढं जाऊच नये असं वाटत होतं. कारण पुढं गेल्यावर आप्पा नुसतं ‘हं’ म्हणून हात धुवायला निघून गेले तर नऊ वर्षांची आणखी किती वर्षं होतील ते तिला माहीत नव्हतं.

आप्पा शिल्पाच्या पुढं थांबले नाहीत. कामावर मारतात तशी त्यांनी त्याच्याभोवती एक फेरी मारली, मान जरा तिरकी, डोळे बारीक. कोल्डशटच्या रेघेवरून नजर वरून खाली नेली. त्यांचा उजवा हात आपोआप वर आला, मधलं बोट दुमडलं गेलं, आणि खुर्चीवरून आवाज आला.

“पावणं, हात लावायचा न्हाई.”

शाळेत पोरं ठेवतात तसे आप्पांनी दोन्ही हात पाठीमागं बांधले. तसेच ते शिल्पाच्या पाठीमागं गेले, राखणदाराला दिसणार नाही अशा बाजूला, आणि फुलीपुढं उभे राहिले. लाल रंग आता विटकरी झाला होता, पण शेपटी जागच्या जागी होती. शिवलीला जवळ गेली आणि तिला तो वास परत आला. थिनर. आप्पांचा हात पँटच्या खिशात होता आणि खिशातून प्लास्टिकच्या पिशवीचा आवाज येत होता. पिशवीत ओली चिंधी होती. काय काम आहे ते तिला आत्ता कळलं.

“आप्पा, काय करालाय?”

“पुसतो. दोन मिंटाचं काम हाय.”

ती त्यांच्या आणि शिल्पाच्या मधे जाऊन उभी राहिली. तिला हसावं की रडावं कळेना. जगात दुसऱ्या कुठल्या माणसाच्या डोक्यात हे आलं नसतं. एकोणीस वर्षांपूर्वी मारलेली फुली चुकली असं वाटलं म्हणून थिनरची चिंधी खिशात घालून, इस्त्रीचा शर्ट घालून, तिकीट काढून आलेला माणूस. तिनं दबक्या आवाजात विचारलं की कोल्डशट होती ना, मग फुली बरोबरच होती की, चुकलं कुठं?

आप्पांनी फुलीकडं बघितलं. चिंधी धरलेला हात खिशातच राहिला.

“गुंडू दुसऱ्या दिशी आलता,” ते म्हणाले. “घण घिऊन हुबा ऱ्हायला. फोडू काय म्हनला. मीच म्हनलो, ऱ्हाऊ दे.”

“आज्जीनं मोडू नगं म्हनलंतं म्हणून?”

“ते मला म्हनलंतं. गुंडूला कुठं म्हनलंतं? बाकीचं सगळं त्यानंच फोडलं की.”

मग ते शिल्पाच्या पुढच्या बाजूला गेले, आणि जवळ नाही, चार-पाच पावलं मागं सरकले. घराच्या आतल्या खोलीत बसलेल्या माणसाला उंबरा जेवढा लांब दिसतो तेवढे. तिथून त्यांनी पहिल्यांदा त्याच्याकडं नुसतं बघितलं, मान सरळ ठेवून, काही न शोधता. शिवलीला त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. मागं रेललेलं अंग. एक पाय लांब सोडलेला. मधे तो भार.

“शेंगा सोलालीया की,” आप्पा म्हणाले.

झालं. त्यानंतर शिवलीलाला त्या गोळ्यात दुसरं काही दिसेना. डोकं नव्हतं तरी मान खाली घातलेली दिसत होती, हात नव्हते तरी मांडीवरच्या सुपात बोटं चाललेली दिसत होती, आणि तो गोल भार म्हणजे ती स्वतः होती, आत, आयती. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिनं ते पुसलंही नाही. नाकारणं, जखम, समाज, बाजार, एवढे मोठमोठे शब्द या बाईभोवती आठवडाभर घिरट्या घालत होते, आणि ती आपली नवऱ्यासाठी शेंगा सोलत बसली होती. आणि या माणसाला ते पहिल्याच दिवशी दिसलं होतं. यार्डात, भंगाराच्या ढिगाशेजारी, पाटी नाही, दिवा नाही. दिसलं, आणि सांगायचं कुणाला आणि कसं, ते समजलं नाही, म्हणून त्यानं एवढंच म्हटलं की राहू दे. आप्पांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला. मग पुटपुटल्यासारखं म्हणाले की तवा मालकाला सांगाया पायजे हुतं, ह्यो पीस चांगला हाय म्हनून. फुली तेवढी मारता येती मला, चांगलं म्हनाया जमत न्हाई.

ते परत मागं जायला निघाले, चिंधी घेऊन. शिवलीलानं त्यांचा हात धरला. लहानपणी जत्रेत धरायची तसा, मनगटापाशी.

“पुसलं तर ते मोडंल, आप्पा. त्यांनी असंच घेतलंय ते, फुलीसकट.”

तिनं त्यांना पाटीपाशी नेलं. आप्पांनी चष्मा लावून एकेक अक्षर वाचलं. बसलेली. उदयसिंह. बीड आणि तेलरंग. तेलरंगाशी ते अडखळले. शिल्पाला रंग कुठं दिलाय, म्हणून त्यांनी परत वर बघितलं, पुढून, बाजूनं. तिनं बोटानं मागं दाखवलं. आपल्या फौंड्रीतल्या डब्यातला, तोच? तिनं मान हलवली. आप्पांनी पाटी पुन्हा एकदा वाचली. मग पिशवीचं तोंड गाठ मारून बंद केलं, खिशात खोल ढकललं आणि भिंतीजवळच्या बाकावर जाऊन बसले.

ती त्यांच्या शेजारी बसली आणि मांडीवर पॅड घेऊन रेखाटायला लागली. आता तिला घाई नव्हती. रेललेली पाठ आधी, मग पाय, मग भार, मग ती तिरकी रेघ. आप्पा समोर बघत होते. मधे दोन बायका पोराबाळांना घेऊन आल्या, हे काय म्हणून विचारून गेल्या. आप्पांनी त्यांना काही सांगितलं नाही, पण पोरगं ओट्याला टेकायला लागलं तेव्हा त्याला अलगद बाजूला केलं, राखणदाराच्या आधी. चित्र होत आलं तशी शिवलीलाची मान खाली खाली जायला लागली. शेवटची सावली भरली आणि जुन्या सवयीनं तिनं पॅडवर पुठ्ठा ओढला. तेवढ्यात आप्पांनी हात पुढं केला होता. तळवा वर, कामावर नवा पीस मागतात तसा.

तिनं पॅड दिलं. आप्पांनी ते उजेडाकडं धरलं आणि खालून वर बघायला सुरुवात केली. पाय, भार, रेघ. रेघेशी ते थांबले. वरच्या खिशातून खडू डोकावत होता आणि पॅडच्या दोरीला तिची पेन्सिल लोंबत होती. शिवलीला दहा वर्षांची होऊन बसली होती, आखूड राहिलेलं काय असेल ते शोधत. आप्पांनी पेन्सिलीला हात लावला नाही. त्यांनी मधलं बोट दुमडलं, पॅडवर दोनदा ठोकलं, टक टक, आणि कान खाली नेला.

दालनात तो आवाज चांगलाच घुमला. खुर्चीवरचा राखणदार अर्धा उठला.

“ओ पावणं, वाजवू नका म्हनलं न्हवं?”

“तुमचं न्हाई वाजवलं,” आप्पा म्हणाले. “आमचं हाय ह्ये. आमच्या पोरीनं केलंय.”

राखणदार परत बसला. आप्पांनी आणखी एकदा ठोकलं, जरा जोरात, त्यालाही ऐकू जाईल असं.